वृद्धाश्रमाचा दर्जा कसा ठरवायचा? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्येष्ठ नागरिक संघांमधली आम्ही काही मंडळी वृद्धाश्रमांना भेटी देतो, तिथल्या आजी-आजोबांशी बोलतो, आणि निवासी सेवेसाठी किमान मानकांची एक यादी तयार करत आहोत. त्या निमित्ताने मुलं-मुली, आश्रमचालक आणि खुद्द निवासी जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. कायद्यात आहे ते कायदा म्हणून सांगितलं आहे आणि आमचं मत आमचं मत म्हणून. चालकांशी बोलताना या दोन्हींची गल्लत करू नका, ती ते लगेच पकडतात.

सरकारने मानकं ठरवलेली असतीलच ना? मग तुमची वेगळी यादी कशाला?

ठरवली आहेत, पण सगळ्यांसाठी नाही. मूळ कायदा २००७ चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. त्याच्या कलम १९ मध्ये दर जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा सरकारी वृद्धाश्रम आणि त्याच्या कारभाराची मानकं यांची तरतूद आहे. महाराष्ट्राने या कायद्याखालचे नियम २०१० मध्ये केले. हा सगळा रोख निराधारांसाठीच्या आश्रमांवर आहे. तुम्ही दरमहा पैसे भरून आईला ज्या खासगी घरात ठेवणार आहात, त्या घराने वृद्धाश्रम म्हणून नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ती या कायद्यात नाही.

ती आणण्याचा प्रयत्न झाला होता. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात खासगी ज्येष्ठ निवासांची नोंदणी आणि किमान मानकं दोन्ही होती. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, पण ते मंजूर काही झालं नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपलं.

म्हणजे अग्निसुरक्षा, अन्न, कामगार, धर्मादाय अशा निरनिराळ्या खात्यांचे तुकडे तुकडे लागू होतात, पण रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांची कूस कोण बदलतं हे विचारणारं खातं नाही. आमची यादी त्या जागेसाठी आहे.

एका खोलीत किती पलंग असावेत?

२००७ च्या कायद्यासोबत केंद्राने राज्यांना आदर्श नियमांचा मसुदा दिला होता. त्यात निराधारांच्या वृद्धाश्रमासाठी झोपण्याच्या खोलीत माणशी ७.५ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर, जेवणघर, करमणुकीची खोली वगैरे धरून माणशी १२ चौरस मीटर जागा सांगितली आहे. ७.५ चौरस मीटर म्हणजे साधारण ८० चौरस फूट.

आता घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमधली बारा बाय दहाची बेडरूम डोळ्यांसमोर आणा. १२० चौरस फूट. या हिशेबाने तिथे एकच पलंग बसतो. प्रत्यक्षात तीन असतात, आणि तिसरा दाराच्या मागे असतो, त्यामुळे दार पुरतं उघडतच नाही. निराधारांसाठी जे किमान, ते महिना पंचवीस-तीस हजार भरणाऱ्याला मिळू नये, हे आम्हाला पटत नाही. तरी इथले जागेचे भाव बघता आम्ही आमच्या यादीत थोडं खाली उतरलो: दोन पलंगांमध्ये व्हीलचेअर वळेल एवढी जागा, प्रत्येक पलंगाजवळ कुलपाचं छोटं कपाट आणि मध्ये ओढता येणारा पडदा. पडदा नसेल तर डायपर बदलताना समोरच्या तिघांची मान आपोआप खाली जाते. ज्याचं बदलतात त्याचं तर विचारूच नका.

आश्रम रो-हाउसमध्ये किंवा सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आहे. कोणती कागदपत्रं मागायची?

मागायला लाजू नका. चांगला चालक फाइल स्वतःहून पुढे करतो.

सगळ्यात आधी आगीचं. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं 'फॉर्म बी' हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. शेवटचा फॉर्म बी कधीचा, एवढं एकच विचारलं तरी बरंच कळतं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये वृद्ध आणि अशक्तांची घरं राहत्या घरांच्या गटात येत नाहीत. ती संस्थात्मक इमारतींच्या गटात, रुग्णालयांच्या शेजारी येतात. कारण उघड आहे: आग लागली तर तिथली माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत. चौथ्या मजल्यावर आठ जण अंथरुणाला खिळलेले, लिफ्ट बंद, जिना अरुंद आणि रात्रीला एकच मावशी, हे गणित चालकाने आधी सोडवलेलं हवं. खिडक्यांच्या ग्रिलला आतून उघडणारं दार आहे का, तेही पाहा.

मग स्वयंपाकघराची अन्नसुरक्षा नोंदणी, जागा भाड्याची असेल तर करार आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक. नवी मुंबईत बऱ्याच जागा सिडकोच्या भाडेपट्ट्यावर आहेत, त्यामुळे राहत्या प्लॉटवर वेगळा वापर चालू असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. सोसायटीत वाद पेटला की आजी-आजोबांना महिन्याभरात बाडबिस्तरा उचलावा लागतो, म्हणून हा कागद वाटतो त्याहून मोठा आहे.

आश्रम सलाइन, ऑक्सिजन, नाकातल्या नळीने अन्न असं सगळं देत असेल, तर तो वृद्धाश्रम राहिला की नर्सिंग होम झाला, हेही विचारायला हवं. नर्सिंग होमची नोंदणी महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याखाली महापालिकेकडे होते.

भेटीला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आम्हाला तर सगळं चकाचकच दाखवतात.

दाखवणारच. रिसेप्शनवरचा गणपती, भिंतीवरचे सत्काराचे फोटो आणि बागेतला झोपाळा यांना आमच्या यादीत शून्य गुण आहेत. (झोपाळ्यावर कोणी बसलेलं असेल तर एक.)

वेळ ठरवून एकदा जा आणि न सांगता एकदा. न सांगता जायचं ते दुपारी बाराच्या सुमारास किंवा संध्याकाळी सातनंतर. बाराला जेवणं चालू असतात. ज्यांना भरवावं लागतं त्यांच्याकडे मावशी खुर्ची ओढून बसते की उभ्या उभ्या दोघांना आळीपाळीने घास देते? उभ्याने दिलेला घास घाईचा असतो आणि घाईच्या घासाने ठसका लागतो. गिळायला त्रास असलेल्याचं अन्न फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो, म्हणून ही खुर्ची आमच्या यादीत आहे.

न्हाणीघरात स्वतः जा. कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत का, ते हलवून बघा. पुष्कळ ठिकाणी दांडा टाइलवर नुसता चिकटवलेला असतो. जमीन ओली आहे का? दार बाहेरून उघडता येतं का? महारेराने २०२४ मध्ये निवृत्तांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यात ९०० मिलिमीटरचं दार आणि न घसरणाऱ्या फरश्या अशा गोष्टी आहेत. ती बिल्डरांसाठी आहेत, पण टेप घेऊन न्हाणीघराचं दार मोजायला कोणाची हरकत? व्हीलचेअर आत जात नसेल तर आजोबांची आंघोळ पलंगावरच होणार, हे समजून घ्या. उताराचा साधा नियम १ ला १२: सहा इंच चढायचं तर सहा फूट लांब रॅम्प. दारात सिमेंटचा दीड फुटाचा घसरगुंडीसारखा उतार दिसला तर तो फक्त फोटोपुरता.

वासाबद्दल सगळे बोलतात. लघवीचा वास वाईट, हे खरंच. पण सकाळी अकराला फिनेलचा नुसता भपकारा आला तरी सावध व्हा.

शेवटी तीन वह्या मागा: औषधांची, कूस बदलल्याची आणि पडझडीची. औषधांच्या वहीत संध्याकाळच्या सह्या दुपारीच झालेल्या आढळल्या तर पुढे काही विचारायची गरज नाही. पडझडीची वही कोरी असेल तर खूश होऊ नका. तीस वृद्ध राहतात तिथे वर्षभरात कोणीच पडलं नाही असं होत नाही, लिहिलं जात नाही एवढंच.

किती माणसांमागे किती कर्मचारी हवेत?

खासगी आश्रमांना बांधील असा आकडा कायद्यात नाही. म्हणून आम्ही उलट बाजूने, कामावरून हिशेब करतो.

समजा आठ जण पूर्ण अंथरुणाला आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची तर बारा तासांच्या पाळीत एकेकाची सहा वेळा, म्हणजे एकूण ४८ वेळा. नीट करायचं तर दोघे लागतात, कारण एकटीने ओढलं की रुग्णाची कातडी चादरीवर घासते आणि मावशीची कंबर जाते. एका वेळेला पाच मिनिटं धरली तरी दोन माणसांचे चार चार तास यातच गेले. वर डायपर, स्पंजिंग, भरवणं. एकेकाला जेवायला पंचवीस मिनिटं लागली तर आठ जणांचं एक जेवण म्हणजे दोनशे मिनिटं. हा हिशेब कागदावर मांडून चालकासमोर ठेवा आणि विचारा, दिवसपाळीला किती जण असतात?

आमचं मत असं: अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दिवसा चारामागे एक, चालत्या-फिरत्यांसाठी आठामागे एक, आणि रात्री इमारतीत किमान दोन माणसं *जागी*. झोपलेली धरायची नाहीत. वीसच्या वर निवासी असतील तर दोन्ही पाळ्यांना नोंदणीकृत नर्स हवी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. 'सिस्टर' म्हणून पांढरा कोट घालून फिरणारी प्रत्येक मुलगी नर्स नसते.

कर्मचारी कुठून येतात हेही विचारा. ब्युरोतून आलेल्या आया दर पंधरा दिवसांनी बदलत असतील, तर आजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही हे दर पंधरा दिवसांनी नव्याने शिकावं लागतं. पगार वेळेवर होतो का, आठवड्याची सुट्टी मिळते का, सलग चोवीस तास काम करावं लागतं का, हे मावशींना चहाच्या वेळी विचारलं की त्या सांगतात. कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचे प्रश्न आमच्याकडे येतात तेव्हा त्यातले बरेचसे मुळात ड्यूटी-चार्टचे प्रश्न असतात.

आईला दाखल करून महिना झाला आणि पाठीला जखम झाली. हा आश्रमाचा दोष मानायचा का?

लगेच भांडायला जाऊ नका, पण लगेच माफही करू नका. कुल्ले, माकडहाड, टाचा, कोपर या हाडाच्या उंचवट्यांवर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला फक्त लाली दिसते, आणि बोट दाबून सोडलं तरी ती फिकी होत नाही. सावळ्या त्वचेवर लाली उठून दिसत नाही. तिथे भाग गरम लागतो, कडक किंवा उलट लिबलिबीत वाटतो. त्या टप्प्यावर दाब काढला तर पुढचं टळतं. उघडी, खोल जखम एका रात्रीत कोणाच्या लक्षात येत असेल, तर आधीचे काही दिवस तिथे कोणी पाहिलं नव्हतं असा त्याचा अर्थ निघू शकतो.

दाखल करतानाच डोक्यापासून टाचेपर्यंत अंग तपासून नोंद करायची आणि तुमची सही घ्यायची, हे आमच्या यादीतलं एक मानक आहे. याने दोन्ही बाजू वाचतात. रुग्णालयातून थेट आश्रमात आलेल्यांना पुष्कळदा जखम तिथूनच आलेली असते, आणि ती आश्रमाच्या नावावर जाते. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, हा गैरसमज मात्र चालकांनी सोडावा. आणि तो एअर बेड विजेवर चालतो हेही ध्यानात ठेवावं.

जेवणाचं मानक कसलं? साधं घरगुती जेवण मिळालं की झालं.

घरगुती या शब्दाखाली काहीही खपतं. आम्ही दोन गोष्टी मोजतो.

एक, वजन. दर महिन्याला प्रत्येकाचं वजन घेऊन लिहिलं पाहिजे, उभं राहता येत नसेल तर खुर्चीच्या काट्यावर. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन, न ठरवता, कमी झालं तर डॉक्टरांना दाखवायचं. ५० किलोच्या आजींचे अडीच किलो. साडी नेसणाऱ्या बाईंचे अडीच किलो डोळ्यांना दिसत नाहीत, काट्याला दिसतात.

दोन, रात्रीचं अंतर. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी साडेसहाला जेवण उरकतात आणि नाश्ता सकाळी नऊला. साडेचौदा तास! मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर पहाटे उतरते, घाम फुटतो, माणूस बडबडतो, आणि सगळे म्हणतात 'आजोबांचं डोकं फिरलंय'. झोपताना कपभर दूध आणि दोन बिस्किटं, मधुमेह्याला डॉक्टर सांगतील ते, आणि सहाला चहासोबत काहीतरी. याला खर्च किती येतो?

बाकी कवळी बसते का, भाकरी कुस्करून देतात का, मऊ भात आणि पेज एवढ्यावरच सगळ्यांची बोळवण होते का, डाळ-अंडं-दही रोज पोटात जातं का, हे जेवणाच्या वेळी बसून पाहिलं की कळतं. मासे खाणाऱ्या कोळी-आगरी किंवा सीकेपी घरातल्या माणसाला उरलेलं आयुष्य शाकाहारी काढायला लावणाऱ्या आश्रमाने ते आधी, स्पष्ट सांगावं. नंतर नाही.

वडिलांना डिमेन्शिया आहे. रात्री हात पलंगाला बांधतात. हे चालतं का?

नाही. 'पडू नयेत म्हणून' हे कारण सर्रास दिलं जातं, पण बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो आणि अधिक वाईट पडतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान यांचा गंभीर बिघाडही येतो. त्या कायद्याच्या कलम ९७ नुसार शारीरिक बंधन शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून घालताच येत नाही. तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळासाठी, आणि नोंद ठेवून. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाला, २४ तासांत कळवायचं असतं. डिमेन्शियाची सेवा देतो अशी जाहिरात करणाऱ्या प्रत्येक घराने हा कायदा आपल्याला लागू होतो का, हे वकिलाला विचारून ठेवावं.

औषधाने बांधणं अधिक चोरटं. संध्याकाळी पाचला सगळे शांत झोपलेले दिसले तर कौतुक करू नका, औषधांची यादी मागा. झोपेची किंवा शांत करणारी गोळी कोणी, कधी, कशासाठी लिहून दिली आणि पुन्हा तपासणी कधी, याचं उत्तर चिठ्ठीवर हवं. पलंग खाली घेणं, जमिनीवर जाड गादी, रात्री मंद दिवा, झोपण्याआधी लघवीला नेणं, संध्याकाळी कोणीतरी शेजारी बसणं, हे आधी करून झालं का ते विचारा.

खोलीत सीसीटीव्ही आहे आणि आम्हाला मोबाइलवर दिसतं. हे तर चांगलंच ना?

आम्हाला आवडत नाही. मार्गिकेत, जिन्यात, दारात, स्वयंपाकघरात कॅमेरा असावा. जिथे आईचे कपडे बदलतात तिथे नाही, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंचं चित्र तुमच्या मोबाइलवर येण्याला त्यांनी कधी हो म्हटलं? रविवारी जा, जेवायच्या वेळी.

करारात काय असावं?

महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय येत नाही, ते. डायपर, फिजिओ, डॉक्टरांची भेट, कपडे धुणं, वेगळी आया यांचे दर लेखी हवेत. डिपॉझिट किती दिवसांत परत, माणूस रुग्णालयात असताना महिन्याचे पैसे पूर्ण लागणार की कमी, शुल्क वर्षाला किती वाढणार. आणि कोणत्या परिस्थितीत आश्रम 'घेऊन जा' म्हणू शकतो, किती दिवसांची मुदत देऊन. हे शेवटचं कलम लोक वाचत नाहीत. अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार नाही, असं त्यात असतं.

जीएसटीबद्दल: आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमाला, ६० वर्षांवरील निवाशांकडून राहणं-जेवण-देखभाल धरून माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंत घेतलेल्या शुल्कावर २०१८ पासून सूट आहे. ही सूट खासगी कंपनीला नाही. पावती मात्र दोघांनीही द्यायला हवी.

एटीएम कार्ड, पिन, कोरे चेक, घराची कागदपत्रं आश्रमात ठेवू नयेत. पेन्शनवाल्यांसाठी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला कोण आणि कसा करणार, तेवढं ठरवून घ्या. आता चेहरा ओळखून मोबाइलवर होतो, पण आजींचा फोन कुठे असतो, हा प्रश्न उरतोच.

आईला विचारलं पाहिजे का? तिला कळत नाही आता.

विचारलं पाहिजे. किती कळतं हे दिवसागणिक, तासागणिक बदलतं. कुठे राहायचं हे ठरवता आलं नाही तरी खिडकीजवळचा पलंग हवा का, आंघोळ सकाळी की दुपारी, देवाची तसबीर कुठे लावायची, एवढं बहुतेकांना सांगता येतं. दाखल करण्यापूर्वी एकदा तरी आश्रम प्रत्यक्ष दाखवायचा, 'दोन दिवस डॉक्टरांकडे' असं सांगून न्यायचं नाही, हे आमच्या यादीत आहे. आणि दाखल करून फोन बंद करणाऱ्यांसाठी: ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणं हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आमचा आश्रम छोटा आहे, अकरा जण. हे सगळं केलं तर शुल्क दुप्पट करावं लागेल. मग गरिबाने जायचं कुठे?

हा प्रश्न बदलापूर-टिटवाळ्याकडच्या चालकांकडून येतो, आणि रास्त आहे. नोंदी, जेवणाच्या वेळा, दार वाजवून आत जाणं, पडदा, वजनकाटा, दाखल करतानाची अंगतपासणी यांना जवळपास काहीच लागत नाही. यावर सवलत नाही. रात्रीचं दुसरं माणूस आणि नर्स यांना मात्र खरोखर पैसे लागतात. तिथे आम्ही म्हणतो, अंथरुणाला खिळलेले किती घ्यायचे यावर स्वतःच मर्यादा घाला. अकरापैकी तिघांचं नीट करता येत असेल तर चौथ्याला नाही म्हणा, आणि तेही वेळेवर.

सरकारी मदत निवडक आहे. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत किमान २५ निराधार ज्येष्ठांच्या निवासांना अनुदानाची सोय आहे, म्हणजे अकरा जणांचं घर त्यात बसत नाही. छोट्यांनी एकत्र येऊन एक नर्स किंवा एक फिजिओ आठवड्याचे वार वाटून ठेवावा, ही सूचना आम्ही करून पाहिली. चालकांचं आपसांत पटत नाही, ही खरी अडचण.

दुसऱ्या देशांत हे कसं चालतं?

एकच उदाहरण देतो, कारण वर्ष तेच आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या एका नर्सिंग होममधले हाल २००५ मध्ये टीव्हीवर दिसले आणि देश हादरला. २००७ मध्ये त्यांनी आरोग्य कायदा करून 'हिक्वा' ही स्वतंत्र संस्था उभी केली, आणि २००९ पासून सरकारी, खासगी, धर्मादाय अशा सगळ्या घरांची नोंदणी आणि तपासणी सुरू झाली. नोंदणी तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते. तपासणीचे अहवाल घराच्या नावासकट जाहीर होतात, कोणालाही वाचता येतात. त्यांची सगळी मानकं इथे आणून चिकटवा असं आम्ही म्हणत नाही. पण तो जाहीर अहवाल मात्र हवा.

आपत्काळाचं काय? पावसाळा, वीज, रुग्णवाहिका?

'रुग्णालय फक्त तीन किलोमीटरवर' हे ऐकून घेऊ नका. घोडबंदर रोडवर संध्याकाळी सातला तीन किलोमीटर म्हणजे किती मिनिटं, हे विचारा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरात असेल तर इन्व्हर्टर किती तास पुरतो आणि भरलेला सिलिंडर आहे का? तळमजल्यावर पाणी शिरणारी वस्ती असेल तर जुलैमध्ये एकदा जाऊन या.

रात्री मृत्यू झाला तर कारणाचं प्रमाणपत्र कोण लिहिणार, हेही आधीच ठरलेलं हवं. रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ लागतो आणि तो नोंदणीकृत डॉक्टरच देऊ शकतो. ज्या आश्रमाला ठरलेला डॉक्टर नाही, तिथे पहाटे तीनला नातेवाईक दवाखाने शोधत फिरतात.

तक्रार कुठे करायची?

आधी हद्द बघा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात, आणि तिथली महापालिका पनवेलची. लोकलने दोन स्टेशनं पुढे, पण समाजकल्याणचं जिल्हा कार्यालय थेट अलिबागला. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो.

सल्ला आणि मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मारहाण, कोंडून ठेवणं असं काही असेल तर थेट ११२. सेवेतली त्रुटी आणि डिपॉझिट यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, ट्रस्टच्या कारभारासाठी धर्मादाय आयुक्त, आगीसाठी महापालिकेचं अग्निशमन दल, आणि एकूण वागणुकीसाठी समाजकल्याण सहायक आयुक्त. मुलांकडून चरितार्थ मागायचा असेल तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण, तिथे वकिलाची गरज नाही.

तक्रार लिहिताना तारीख, वेळ, पाहिलेली गोष्ट, फोटो. विशेषणं नकोत. आणि एक अवघड बाब: तक्रारीनंतरही आई तिथेच राहणार असते. म्हणून पर्यायी जागा बघून मगच मोठी तक्रार करावी असं आम्ही सांगतो, जीवावरचं काही नसेल तर. आश्रमात तक्रारीची पेटी असेल तर तिची किल्ली बाहेरच्या माणसाकडे असावी. व्यवस्थापकाच्या खिशात किल्ली असलेल्या पेटीत आजोबा चिठ्ठी टाकणार नाहीत.

तुमची यादी आम्ही वापरू शकतो का? तुम्ही प्रमाणपत्र देता का?

यादी वापरा, बदला, आमचे आकडे चुकीचे वाटले तर कामाच्या हिशेबासकट कळवा. प्रमाणपत्र देत नाही. आम्ही दिवसा काही तास जातो, रात्रपाळीला थांबत नाही, त्यामुळे एखाद्या घराला शिक्का द्यायचा आम्हाला अधिकारही नाही. आमच्या भेटीचा फोटो दारात लावून कोणी 'मान्यताप्राप्त' म्हणत असेल तर ते खोटं आहे. तिथे गेलात की फोटो राहू दे, औषधांची वही मागा.